म्हशी निघायच्या आत

"हरलास तर म्हशीत चालायचं," मगदूम अण्णा म्हणाला.

"म्हशीत म्हणजे?"

"दिवाळी पाडव्याला बसू गवळ्याच्या म्हशी सजवून निघतात न्हवं? त्यांच्या मधनं. डोक्याला मोरपिसं, गळ्यात कवड्यांची माळ, पायात घुंगरू."

"आणि शिंगं?"

"ती मी देतो की. दुकानातला पत्रा कापून. फुकट."

"आणि तू हरलास तर?"

"तर मी चालतो. तीच शिंगं घालून. वाया कशाला घालवायची?"

दसऱ्याची संध्याकाळ होती. कोल्हापुरात रंकाळ्याजवळ आमची तीन मजली सोसायटी. खाली पार्किंगमध्ये सगळे आपट्याची पानं घेऊन सोनं देत-घेत फिरत होते. पैजेचं कारण नुकतंच आम्हाला पानं देऊन, चष्मा पुसत, जिना चढून वर गेलं होतं. टेंबेकाका. दुसरा मजला. पाटबंधारे खात्यातनं इंजिनियर म्हणून रिटायर झालेले. काकू दोन वर्षांमागं गेलेल्या. मुलगा निनाद मेलबर्नला. घरात एकटा माणूस, आणि हा एकटा माणूस गुढीपाडव्यापासनं घरासाठी एस्प्रेसोचं मशीन निवडत होता.

गुढीपाडवा गेला, अक्षय्य तृतीया गेली, गणपती आले आणि गेले. दसऱ्याला घेतो म्हणाले होते. मी पानं देताना विचारलं, "काका, आलं काय मशीन?"

काका ओशाळं हसले. "ठरलंच होतं हो सर्जेराव. पण ग्राइंडर मशीनमध्येच असलेला घ्यावा की वेगळा, तिथं गाडी अडली. निनादला विचारून सांगतो."

आता आमच्या सोसायटीत सगळी चहाची खानदानं. पण काकांच्या पायी जिन्यातनं येता-जाता आम्ही सगळे शिकून बसलो होतो. पंपाचा दाब किती लागतो, बॉयलर एक असावा की दोन, कप आधी तापवायचा का. माझी बायको शैला मेथी निवडता निवडता सांगायची, "खोक्यावर पंधरा लिहितात, पण कॉफीला नऊच लागतो दाब." आयुष्यात तिनं कॉफी प्यायली ती लग्नाच्या रिसेप्शनला.

अण्णाचं म्हणणं, हा माणूस ह्या जन्मात मशीन घेत नाही. माझं म्हणणं, दिवाळी पाडव्याच्या आत मी घ्यायला लावतो. अण्णा म्हणाला, लाव पैज. मी म्हटलं, लावली.

शैला पंच झाली. तिनं अट घातली ती अशी, की मशीन नुसतं घरात येऊन चालणार नाही. काकांनी स्वतःच्या तोंडानं म्हणायचं, 'हेच बरोबर मशीन,' आणि त्यावर कॉफी करायची. पाडव्याला म्हशी निघायच्या आत.

"आणि पैजेचं काकांना कळता कामा नये," मी म्हटलं.

"त्यांना कशाला कळतंय?" अण्णा म्हणाला. "ते ग्राइंडरमध्ये अडकलेत."

मी गालातल्या गालात हसलो. माझा धंदा मंडप आणि साऊंडचा. माणसाला नको असलेलं झुंबर त्याच्या पोरीच्या लग्नात टांगून वर त्याच्याकडनं 'वा' म्हणून घ्यायची सवय. आणि अण्णाला मी ओळखून होतो. एका एक एप्रिलला मी रिक्षाला भोंगा बांधून 'मगदूम स्टीलमध्ये जुना डबा द्या, नवा घेऊन जा' असं गावभर फिरवलं होतं. बाया पोती भरून डबे घेऊन आल्या. अण्णा दिवसभर शटर ओढून आत बसला होता, आणि मी बाहेर रांग लावून देत होतो. असल्या माणसाशी पैज म्हणजे जिंकल्यातच जमा.

दुसऱ्याच दिवशी काकांना स्कूटरवर मागं घातलं आणि राजारामपुरीत एका मोठ्या दुकानात नेलं. दुकानातल्या पोरानं मशीन पुसून पुढं ठेवलं. चकचकीत, लाल. मी त्याला आधीच डोळा मारून ठेवला होता.

"सर, हा शेवटचा पीस," तो म्हणाला.

"असं?" काका चष्मा कपाळावर चढवून वाकले. "याचा वाफेचा दांडा फिरतो का हो?"

"फिरतो सर."

"दोन्ही बाजूंना?"

"एका."

"कुठल्या?"

पोरानं फिरवून दाखवला. काकांनी स्वतः फिरवून बघितला. मग पाण्याची टाकी काढून बघितली, परत बसवली, परत काढली. मग कप ठेवायच्या जाळीखाली बोट घालून बघितलं. मग वॉरंटी. मग वॉशर कोल्हापुरात मिळतं का मुंबईहून मागवावं लागतं. पोराच्या कपाळावर घाम आला. पण काकांचा चेहरा फुललेला, एखाद्या धरणाच्या दारावर उभं असल्यागत.

"मग काका, घ्यायचं न्हवं?" मी म्हटलं. "कार्ड काढा."

काकांचा हात खिशाकडं गेला. खरंच गेला. आणि हात वर आला तो मोबाईल घेऊन.

"दोन फोटो काढतो," ते म्हणाले. "निनादला पाठवून विचारतो."

परत येताना स्कूटरवर मागनं ते सारखे म्हणत होते, "छान झालं हो सर्जेराव, तुम्ही नेलंत. दांड्याचं मला सुचलंच नव्हतं."

मग मी मोठं हत्यार काढलं. आमच्या धंद्यातला एक केटरर आहे, त्याच्याकडं लग्नातलं मशीन. पितळी, पोटाळं, वर घुमट आणि घुमटावर गरुड. मी ते दोन माणसांच्या खांद्यावर देऊन काकांच्या दारात नेलं.

"हे काय?"

"काका, आता विचार करू नका. जुनं आहे, दणकट आहे, आयुष्यभर जाईल. आज चालवून बघा."

बसूचं म्हशीचं दूध आणलं. मशीन पेटवलं, आणि वाफ सुटली ती अशी, की तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीबाई सिलिंडर फुटला म्हणून चपला हातात घेऊन खाली पळाल्या. काका मात्र टाळ्या पिटायचे बाकी होते. फेस कपाच्या वर आला, त्यावर चॉकलेटची पूड टाकली. प्यायले. मिशीला फेस लागला तो तसाच.

"हेच घ्यायचं ना?" मी म्हटलं.

"थांबा, फोटो काढू दे." आणि चारी बाजूंनी फोटो. गरुडाचा वेगळा. वाफेच्या व्हॉल्व्हचा वेगळा.

आम्ही बरोबर खालच्या मजल्यावर राहतो. त्या दुपारी वरनं काकांच्या हसण्याचा आवाज आला. शैलानं वर बघितलं. "काका हसतायत?" ती म्हणाली. "काकू गेल्यापासनं आज ऐकतेय."

मला वाटलं, आला गडी रुळावर.

दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटले. "निनाद म्हणाला, हे घरासाठी नव्हे, लष्करासाठी आहे. पण तो काय हसला म्हणून सांगू! गरुड बघून तर..." त्यांना पुढं बोलता येईना.

"मग कुठलं घरासाठी?"

"तेच तर. त्यानं आणखी दोन सुचवलीत. अभ्यास करतो."

पार्किंगमध्ये अण्णा पत्र्याला कात्री लावत बसला होता. "डोक्याचा घेर किती रे तुझा?" त्यानं विचारलं.

मी शेवटी फोनवर आलो. गोडाऊनमध्ये बसून, नाकातनं आवाज काढून काकांना फोन लावला. "नमस्कार, कंपनीच्या मुंबई हेड ऑफिसमधून बोलतोय. दिवाळी ऑफरमध्ये तुमची निवड झालेली आहे. आजच बुकिंग करा."

"अरे वा!" काका म्हणाले. "बरं झालं, खुद्द हेड ऑफिस भेटलं. मला सांगा, तुमच्या मॉडेलमध्ये बॉयलर पितळेचा की स्टेनलेस स्टीलचा?"

"स्टीलचा."

"आणि जोड? वेल्डिंग की थ्रेड?"

"थ्रेड."

"मग सील कसलं वापरता? रबर का सिलिकॉन? आणि वाफ काढल्यावर लगेच कॉफी काढायची, तर तापमान उतरायला किती थांबायचं?"

मी फोन ठेवला. आजवर मी भल्याभल्यांना फोनवर घुमवलेलं, पण असला घाम मला कधी फुटला नव्हता.

संध्याकाळी काका खाली आले. "सर्जेराव," हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या हेड ऑफिसमधे कोंबडा आरवत होता."

"होय काय?"

"सीलचं मात्र बघून ठेवा. मी निनादला विचारलंय."

आता ह्या माणसाला काय करायचं? रागवत नाही, नाही म्हणत नाही, होय म्हणत नाही. मुठीत धरावं तर पाण्यासारखा निसटतो. दिवाळी जवळ आली. बसूच्या गोठ्यात म्हशी धुणं, भादरणं सुरू झालं. त्याची चंपा म्हैस दरवर्षी पहिली असते, तिच्या पाठीवर केसांत कातरून तो नक्षी काढतो. मी गोठ्यावरनं गेलो की तो ओरडायचा, "सर्जादा, तुमचं नावच सर्जा. बैलाचं. म्हशीत कसं बसणार?"

"गप की लका."

"चंपाला विचारतो. ती ठरवंल."

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी मी सोसायटीला माळा लावत होतो. काकांच्या गॅलरीत शेवटचं टोक बांधायचं होतं. दार उघडंच होतं. काका खुर्चीत फोन घेऊन बसलेले. जेवणं झाली की ह्या वेळेला त्यांचा फोन असतो, हे सगळ्या जिन्याला ठाऊक. त्यांनी हातानंच या म्हणून खुणावलं. मी गॅलरीत जाऊन वायर सोडवायला लागलो. त्यांना नीट ऐकू येत नाही, म्हणून फोनचा स्पीकर चालू.

"जेवलास का?"

"हो बाबा."

"काय होतं?"

"असंच. काहीतरी."

"बरं. थंडी आहे का रे?"

"नाही, आता नाही."

"हं."

मग कुणीच काही बोलेना. मी माळेची गाठ मारली. परत सोडली. खालनं कुणीतरी लवंगी लावली, ती वाजून संपली, तरी फोन गप्प. काका खुर्चीच्या हातावर बोट फिरवत होते. मग घसा खाकरला.

"बरं, ते दोन बॉयलरवालं मशीन बघितलं मी. पण गरम व्हायला वेळ फार घेतं म्हणतात."

आणि पोरगं सुटलं. आवाजच बदलला. "नाही बाबा, ते जुनं मॉडेल. ऐका, इथं माझ्या ऑफिसखाली एक इटालियन म्हातारा आहे, त्याच्याकडं तेच आहे. तो काय करतो माहितीय?" आणि त्या म्हाताऱ्याचं, त्याच्या कुत्र्याचं, ऑफिसमधल्या कुणाचं, घरी सुनेला कॉफी जमत नाही त्याचं. काका मधनं मधनं 'हं', 'असं?', 'मग?' म्हणत होते. अगदी पुढं सरकून बसले होते. मी एक गाठ तीनदा मारली.

मग निनाद म्हणाला, "पण बाबा, एक सांगू? आता पुरे. तुम्हाला किती दगदग होते ती. मी कालच ऑर्डर केलंय इथून. जे मी घेतलं असतं तेच. उद्या पाडव्याला तुमच्या दारात येईल. विषय संपला."

काका खुर्चीत मागं टेकले.

"बाबा? ऐकू आलं?"

"आलं. छान. बरं केलंस."

"खूश ना?"

"हो. छानच."

फोन बंद झाला. काकांनी तो टेबलावर ठेवला आणि त्यावर हात ठेवून बसले. मला वाटलं, आता निघावं. वायर कमरेला गुंडाळली.

"सर्जेराव, तुमची मुलगी पुण्याला असते ना?"

"होय. हॉस्टेलला."

"फोनवर काय बोलता तुम्ही तिच्याशी?"

"मी काय बोलतोय काका? तीच बोलती. मी ऐकतो."

"आमच्याकडं सुमन बोलायची," ते म्हणाले. "मी मागनं ओरडायचो, माझा आशीर्वाद सांग म्हणून. झालं माझं बोलणं. ती गेल्यावर फोन माझ्या हातात आला. जेवलास का, हवा कशी, संपलं. तोही बिचारा थांबायचा, मीही थांबायचो. ठेवू का, असं कोण आधी म्हणतो, एवढंच." त्यांनी चष्मा काढला. "गुढीपाडव्याला तो सहज म्हणाला, बाबा, घरी एक कॉफीचं मशीन घ्या. मी विचारलं, कसलं घेऊ? आणि त्या दिवशी पहिल्यांदा हा फोन माझ्या कानाला गरम लागला."

मी उभा. हातात टेस्टर.

"मला कॉफीनं ॲसिडिटी होते हो," काका म्हणाले.

खाली येताना जिन्यात अण्णा भेटला. "काय म्हणतंय मशीन?"

"उद्या येतंय. पोरानं पाठवलंय."

अण्णाचं तोंड एवढंसं झालं. मग त्यानं मोठ्या मनानं हात पुढं केला. "जिंकलास लका. शिंगं माझ्या मापाची करतो."

मी हात मिळवला. घरी आलो. शैलानं पूजेचं ताट मांडलं होतं. "जिंकलात म्हणे. मग तोंड असं का?"

तिला सांगितलं. ती ताटातले बत्तासे सरळ करत राहिली. "आता काय करणार?"

"काय करणार? मी कुठं पाठवलंय ते? पोरानं चांगल्या मनानं पाठवलंय. काका नको म्हणू शकत नाहीत, मी काय म्हणणार?"

"तुम्हाला काहीतरी सुचतं की नेहमी."

तिला वाटत होतं तसं. मला काही सुचत नव्हतं. आजवर मी केलं ते माणसाला घ्यायला लावायचं. न घ्यायला लावायचं कसं, ते मला ठाऊक नव्हतं.

पाडव्याला जेवणवेळ टळली आणि खोकं आलं. दोन माणसांनी धरून आणलं, पार्किंगमध्ये ठेवलं. सगळी सोसायटी जमलेली. गल्लीत बसूच्या म्हशी उभ्या, अंगाला तेल, शिंगांना रंग. चंपाच्या कपाळावर मोरपिसांचा झुबका. बसूच्या मोटरसायकलचं इंजिन सुरू. म्हशी त्या गाडीमागं पळत निघतात. अण्णा घुंगरू बांधून, शिंगं काखेत धरून, शूर माणसासारखा तयार होता.

काका खाली आले. पांढरा शर्ट, इस्त्रीचा. कुणीतरी कैची आणली, खोकं उघडलं. थर्माकोल निघालं, प्लॅस्टिक निघालं, आणि मशीन वर आलं. सुंदर होतं. खोटं कशाला बोलू? अण्णासुद्धा म्हणाला, "काय फिनिशिंग आहे!"

त्यानं वॉचमनच्या खोलीतनं वायर ओढून दिली. बसूनं दुधाचा तांब्या ठेवला. "काका, लवकर करा. म्हशी तापल्यात."

"काय करू?" काका म्हणाले.

"सांगा की," जोशीबाई म्हणाल्या. "हेच ना बरोबर मशीन? एवढे महिने शोधत होता ते?"

काकांनी मशीनवरनं हात फिरवला. दांडा फिरवून बघितला. दोन्ही बाजूंना फिरत होता. टाकी काढली, बसवली. विचारायला काही उरलंच नव्हतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि ओशाळं हसले, दसऱ्याला हसले होते तसं. तोंड उघडलं. "हे..."

"पाणी कुठलं घालणार?" मी म्हटलं.

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. अण्णानं तर शिंगंच खाली टाकली.

"पाणी?" काका म्हणाले. "टाकीतलं."

"टाकीतलं म्हणजे बोअरचं. गणपतीत तुमच्या गिझरचं काय झालं? कॉइल काढली तर चुन्यात घातल्यागत पांढरी. हा एवढासा बॉयलर. किती दिवस टिकंल?"

"अरे सर्जा," अण्णा माझ्या कानात म्हणाला, "जिंकतोयस लका तू. गप बस."

"आणि दूध?" मी म्हटलं. "तिकडं गाईचं, पाण्यासारखं. हे चंपाचं. सायीनं ती बारकी नळी तुंबली तर? विचारलंय काय कुणी? बसू, तुझ्या दुधाला फॅट किती?"

"आमच्या दुधात बोट उभं राहतं," बसू छाती काढून म्हणाला.

काका माझ्याकडं बघत राहिले. मीही बघत राहिलो. घुंगरू, इंजिन, पोरांचा दंगा, सगळं चाललेलं. मग त्यांच्या चष्म्याआड काहीतरी हललं.

"पाटबंधाऱ्यात जन्म गेला," ते हळूच म्हणाले, "आणि पाण्याचंच विचारायचं विसरलो."

"तेच म्हणतोय मी."

"निनादला विचारायला हवं."

"मग विचारा की."

त्यांनी फोन लावला. "बाबा! आलं का? चालू केलं?" निनादचा आवाज.

"आलंय रे. उत्तम आहे. पण इथं एक प्रश्न निघालाय. आमच्या पाण्यात क्षार फार. याला किती चालतो?"

मी मनात म्हटलं, आता पोरगं वैतागणार. विषय संपला म्हणून फोन ठेवणार.

"बाबा, टीडीएस किती आहे?"

"मोजलेला नाही."

"मग चालूच करू नका! थांबा, थांबा. हे मी विचारच नाही केला. इथलं पाणी वेगळं. फिल्टर कुठला बसवायचा ते बघायला लागेल. तो इटालियन म्हातारा आहे ना, त्याला विचारतो मी. तुम्ही उद्या पाणी मोजा. उद्या फोन करा मला. आणि बाबा, घाई नको. अजिबात घाई करायची नाही."

"नाही करत," काका म्हणाले. "आणि म्हशीच्या दुधाचं रे?"

"ओ हो, दूध!" पोरगं म्हणालं. आणि सुटलं.

बसूनं गाडीचा कान पिळला. चंपानं मान उडवली, घुंगरू वाजले, आणि म्हशी निघाल्या. मग अण्णाला उमजलं, आणि तो असा ओरडला, की गल्लीच्या टोकापर्यंत माणसं गॅलरीत आली.

"हरला! सर्जा हरला! धरा त्याला!"

बसूनं पुढं गाडी थांबवून म्हशी अडवल्या. अण्णानं स्वतःच्या पायातले घुंगरू सोडून माझ्या पायात बांधले. जोशीबाईंनी कवड्यांची माळ घातली, डोक्याला मोरपिसं खोवली. कुणीतरी कपाळाला गुलाबी रंग फासला. शिंगं अण्णाच्या मापाची, मला सैल, म्हणून शैलानं आपली ओढणी काढून हनुवटीखाली गाठ मारली. गाठ मारताना ती फक्त एवढंच म्हणाली, "नीट चाला. चंपाच्या पायात येऊ नका."

अण्णा आजही कुणी पाहुणा आला की ही पैज सांगतो. शेवटच्या क्षणाला सर्जा कसा आपल्याच जिभेनं हरला म्हणून. मी ऐकून घेतो. ते खोकं कितीतरी दिवाळ्या काकांच्या जेवणाच्या टेबलावर होतं, त्यावर ते वर्तमानपत्रं ठेवायचे.

त्या दिवशी मी गल्लीतनं निघालो. पुढं चंपा, मागं तिची थोरली बहीण, मधे मी. पायात छन छन. ज्यांच्या घरी मी मंडप घातले ती सगळी माणसं दोन्ही बाजूंना. शिट्ट्या, फुलं, कुणी दुकानाच्या पायरीवरनं माझ्या अंगावर पाण्याचा तांब्या ओतला. पळावं तर पुढं म्हैस, थांबावं तर मागं म्हैस. शिंगं डोळ्यांवर येत होती, आणि हात वर केला की पोरं ओरडायची, "म्हशीला हात असतात काय?"

कोपऱ्यावर, पानाच्या टपरीजवळ, काका उभे होते. धावत आले असणार, शर्टाची इस्त्री मोडली होती. अण्णाच्या ओरडण्यानं पैजेचं त्यांनाही कळलेलं. फोन समोर उंच धरलेला.

"दिसतोय का रे निनाद? नाही, ती चंपा. तिच्या मागचा. मोरपिसंवाला. अरे नाही नाही, ती पण म्हैस. त्यांच्या मधला, दोन पायांचा! हां, तोच. खालच्या मजल्यावरचे सर्जेराव. कोंबडा सांगितला होता बघ मी तुला, तेच ते."

फोनमधनं पोरगं हसत होतं, श्वास लागेपर्यंत. मागनं कुणी बाई पण हसत होती, सून असणार. "बाबा, पण का? त्यांनी असं का केलंय?"

"सांगतो, सगळं सांगतो. मोठी गंमत आहे. वेळ आहे ना तुला?"

"आहे की!"

"सर्जेराव!" काकांनी हाक मारली. "जरा इकडं बघा हो. निनादला शिंगं दिसेनात."

मी ओढणीची गाठ घट्ट केली, दोन्ही शिंगं सरळ केली, फोनसमोर मान उंच केली, आणि सगळ्या गल्लीदेखत लांबलचक हंबरलो.